मेल जाईना, सून पाठवा

माझ्या साईनाथाला देवाने दोन डोळे दिलेत, पण ते वापरायची वेळ आली की तो मिटून घेतो. तेही एकट्याने नाही. दोन हजार तीन सालच्या जून महिन्यात मार्केट यार्डातल्या आमच्या भाजीच्या गाळ्यावर रोज दुपारी साडेतीनला पंधरा-वीस माणसं डोळे मिटून उभी राहत. आडते, हमाल, टेम्पोवाले, शेजारच्या गाळ्याचे बापूराव. चपला जिन्याखाली काढायच्या आणि वर माळ्यावर यायचं. समोर कॉम्प्युटर, गळ्यात हार घातलेला, कपाळाला कुंकू, डोक्यावर लिंबू. आणि स्टुलावर मच्छिंद्रमहाराज. भगवा कुडता, कमरेच्या पट्ट्याला मोबाइल, डाव्या हातात घंटा आणि उजवा हात लाल फडक्याखाली. त्याच फडक्याखाली माउस.

महाराज अकरा वेळा मंत्र म्हणत, घंटा बडवत आणि मग म्हणत, "उघडा डोळे." डोळे उघडावेत तर सकाळपासून अडलेली पत्रं पडद्यावरून गेलेली. लोक हात जोडत. बापूराव तर भारावून म्हणाले, "लई जागृत यंत्र हाय. साईनाथ, नशीब काढलंस लेका."

दुधी भोपळ्याचा भाव हिंजवडीला कळवायला देवाला कामाला लावावं लागतं, यात नशीब कुणाचं फुटलं ते मी त्यांना विचारलं नाही. मीही पहिले दोन आठवडे गप्पच होते, हे आधी सांगून टाकते. घरातली मोठी बाई गप्प बसली की खालचे त्याला होकार समजतात, ही अक्कल मला उशिरा आली.

आम्ही मूळचे हिंजवडीचे. आमच्या रानात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. जिथे आम्ही वांगी लावायचो तिथल्या कॅन्टीनला आता आम्हीच यार्डातून वांगी विकतो. असली प्रगती सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. या कॅन्टीनवाल्यांना उद्याचे भाव आज चारच्या आत लागतात आणि ते ईमेलनेच लागतात. भाव पोचला नाही तर उद्याची गाडी दुसऱ्याची.

गाळ्यात फोन एकच आणि कॉम्प्युटरही त्याच तारेवर चाले. म्हणून साईनाथाने शिस्त लावली होती. सकाळी नऊला तार जोडून आलेली पत्रं घ्यायची. दुपारी पुन्हा जोडायची, फक्त 'पाठवा'चं बटण दाबायचं आणि लगेच तोडायची. दोन वर्षं बिनबोभाट चाललं.

मे महिन्यात त्याचं लग्न झालं. सून चैताली, जुन्नरची. बी.कॉम. झालेली, सदाशिव पेठेत मावशीकडे राहून कॉम्प्युटरचा क्लास केलेली. लग्नात आठ दिवस गाळा बंद होता. नवव्या दिवशी ती यंत्रापुढे बसली, भाव टाइप केले, 'पाठवा' दाबलं, तर पडद्यावर इंग्रजीतली लांबलचक पाटी आली आणि पत्रं जागची हलली नाहीत. ती पाटी वाचायला लागली, तेवढ्यात साईनाथाने मागून हात घालून 'ओके' दाबलं. म्हणाला, असल्या पाट्या येतच असतात. पुन्हा दाबलं, पुन्हा पाटी, पुन्हा ओके. दारावर आलेल्या पोस्टमनला तोंड न बघता 'बरं बरं' म्हणून वाटेला लावावं, तसं त्याचं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी बापूराव सहज बोलावं तसं बोलले, की सून आली आणि मेल थांबली. बस, एवढं पुरलं. संध्याकाळपर्यंत ते यार्डभर झालं आणि तिसऱ्या दिवशी बापूरावच मच्छिंद्राला घेऊन आले. हा मच्छिंद्र पूर्वी कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. मग त्याला साक्षात्कार झाला की दुरुस्त न करण्यात मान जास्त आहे.

त्याने मॉनिटरवरून हात फिरवला, तारा हुंगल्या आणि निदान सांगितलं. यंत्राला प्राण असतो. तो तारेतून ये-जा करतो. घरात नवं पाऊल आलं की तो बिचकतो. त्यातून कॉम्प्युटर आग्नेयेला आणि मॉडेम वायव्येला, म्हणजे अग्नीचं आणि वायूचं वैर. मॉडेमला हे ऐकून काही वाटलं नाही, ते आपले दिवे मिचकावत बसलं. साईनाथाला मात्र सगळं पटलं. नव्या पावलाने यंत्राच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही, असा हुकूम निघाला. बी.कॉम. झालेली पोर खाली क्रेटवर बसून भेंडी निवडायला लागली.

आणि पूजा झाली की पत्रं जायची, हे खरं. पण तेवढ्यापुरतीच. अर्ध्या तासाने साईनाथाने एखादं राहिलेलं पत्र पाठवायला घेतलं की परत पाटी. म्हणजे महाराज रोज हवेत. महाराजही रोज यायला तयार, दक्षिणा, चहा आणि पिशवीभर ताजी भाजी घेऊन जायला तर फारच तयार.

एके दिवशी ते जिना उतरत असताना चैतालीने साधा प्रश्न विचारला, "महाराज, फडक्याखाली तुम्ही काय दाबता?"

मी तिथेच तराजूपाशी होते. माणसाचा चेहरा दुधासारखा नासताना मी पहिल्यांदा बघितला. तो भाजीची पिशवी उचलून चालता झाला. दुसऱ्या दिवशी अकरा मंत्र झाले, घंटा झाली आणि पत्रं गेली नाहीत. महाराज खिन्नपणे म्हणाले, ती आज तिसऱ्या पायरीपर्यंत आली होती, दोष वाढलाय. चार वाजून गेले आणि एका कॅन्टीनची दुसऱ्या दिवशीची गाडी खरंच दुसऱ्याची लागली. मग निकाल लागला. सुनेने सव्वा वर्ष माहेरी राहायचं, येत्या गुरुवारी सूर्यास्ताआधी निघायचं. साईनाथाने जुन्नरला सासऱ्यांना फोन लावला की न्यायला या.

आमच्याकडे सव्वा वर्षासाठी माहेरी गेलेली पोर परत आली का, हे नंतर कोणी विचारत नाही. सहा महिन्यांनी लोक दुसरं स्थळ सुचवायला येतात.

चैताली रडली नाही. मंगळवारी सकाळी मला येऊन विचारलं, "आई, चार साड्या नेऊ की सगळ्या?"

त्या प्रश्नाने माझी जीभ सुटली. तिला म्हटलं, साड्या कपाटात ठेव, आधी मला यार्डात जाऊन येऊ दे.

दुपारी मी माळ्यावर गेले आणि कॉम्प्युटरच्या आवाजाच्या डब्यापाशी कांद्याच्या गोणीवर टेकले. महाराज म्हणाले, माताजी, डोळे मिटा. मी म्हटलं, डोळे मिटले की मी घोरायला लागते, तुमच्या मंत्रात घोरणं बसत असेल तर मिटते. लोक हसले, म्हणून त्याला सोडून द्यावं लागलं. मग मी बघत राहिले. मला इंग्रजी वाचता येत नाही, मराठीही चौथीपुरतं, पण बाजारात चाळीस वर्षं मी लोकांच्या हातांकडे बघत आले आहे. नवव्या मंत्राला फडकं एकदा हललं. लगेच घंटा जोरात सुरू झाली आणि त्या दणक्याखाली माझ्या कानाजवळच्या डब्यातून बारीक 'टिंग' आलं. मग फडकं दुसऱ्यांदा हललं आणि पत्रं गेली.

बुधवारी सकाळच्या चहाला मी सुनेला विचारलं की ते टिंग कधी वाजतं. ती म्हणाली, नवी पत्रं आली की, निदान जाहिराती तरी येतातच. मी म्हटलं, मग पाठवताना का वाजावं? तिने कप खाली ठेवला.

"आई, तो आधी आलेली पत्रं घेतो. मग पाठवतो. आपण दुपारी घेतच नाही, नुसतं पाठवतो."

"हेच कारण हाय का?"

"असेल. करून बघितल्याशिवाय कसं सांगू?"

पोर मला तिथे आवडली. लोणच्याला बुरशी आली की मी तेच करते. एका बरणीत मीठ बदलते, बाकी सगळं तसंच. पुढच्या बरणीत तेल. एकदम सगळं बदललं तर दोष कुणाचा ते कळत नाही, मग शेजारणीची नजर लागली म्हणायचं आणि बरणी फेकायची. मच्छिंद्राच्या पूजेत मंत्र होते, घंटा होती, लिंबू होतं, सून खाली होती आणि फडक्याखालची दोन बोटं होती. आम्ही ठरवलं, बोटं तेवढी काढून घ्यायची.

गुरुवारी माळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. सून घालवायचा कार्यक्रम कोण चुकवतो? चैतालीचे वडील रंगराव खाली मान घालून बसले होते, पोरीची पेटी पायाशी. हिंजवडीच्या कॅन्टीनचे अनिरुद्धसाहेब माझ्या सांगण्यावरून साईनाथाच्या मोबाइलवर थांबले होते, पत्र पोचलं की नाही ते तिकडून सांगायला. महाराजांनी लिंबू बदललं, घंटा उचलली आणि फडक्याकडे हात नेला. मी आधीच माउसवर हात ठेवून बसले होते.

म्हटलं, महाराज, आज शेवटची पूजा, घरातली मोठी मी, यंत्रावर हात माझा राहील. तुम्ही मंत्र म्हणा. 'पाठवा'चं बटण नंतर साईनाथ दाबेल.

ते म्हणाले, स्त्रीच्या स्पर्शाने यंत्र कोपेल. मी म्हटलं, सून पापी होती, आता सासूही झाली का? मग साईनाथाला जन्म कुणी दिला, मॉडेमने? मागून कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. बापूरावांनीच सांगितलं, म्हणा महाराज, मंत्र तर तुमचाच हाय.

बिचाऱ्याने अकरा मंत्र म्हटले. घंटा एवढी बडवली की खालचे हमाल वर बघायला लागले. टिंग वाजलं नाही. साईनाथाने बटण दाबलं. पाटी आली. सवयीने त्याचं बोट 'ओके'कडे निघालं, तसं मी त्याचं मनगट धरलं आणि सुनेला हाक मारली की वर ये, चपला घालून ये.

चैताली सगळ्यांच्या मधून आली. तिने पाटी आधी इंग्रजीत वाचली आणि मग मराठीत सांगितली, "पत्र पाठवण्याआधी तुमची आलेली पत्रं घ्या. मग पाठवा."

महाराज म्हणाले, तिने वाचलं म्हणून तसं दिसलं. मी म्हटलं, बरं, मग तिने केलेलंही दिसू द्या. तिने लिंबू उचलून बाजूला ठेवलं, हार काढला, मंत्र नाही, घंटा नाही. एक बटण दाबलं. टिंग. दुसरं दाबलं. पत्रं गेली. मोबाइलवरून अनिरुद्धसाहेब म्हणाले, "आले भाव. पण आज दुधी महाग का लावलाय?"

मग तिने कंपनीला, म्हणजे ज्यांच्यामार्फत आमची पत्रं जातात त्यांना, सगळ्यांसमोर फोन लावला. तिथल्या माणसाने सांगितलं ते असं. पूर्वी त्यांच्या दारातून कोणीही पत्रं पाठवू शके, म्हणून भामटे लोक जाहिरातींचे ढीग पाठवायला लागले. मे महिन्यात त्यांनी नियम केला. आधी पासवर्ड देऊन आपली पत्रं घ्या, म्हणजे ओळख पटली. मग पंधरा मिनिटं दार उघडं, तेवढ्यात पाठवा, नंतर पुन्हा बंद. नियमाचं पत्रही सगळ्यांना धाडलं होतं. आमच्या लग्नाच्या आठवड्यातच आलं होतं, आलेल्या पत्रांत न उघडता पडलं होतं. मच्छिंद्राला हा नियम पक्का माहीत होता, कारण यार्डातली सात यंत्रं याच कंपनीवर चालत आणि सातांवरही त्याची घंटा वाजत होती.

त्या सात जणांनी मच्छिंद्राला घेरलं. तो म्हणाला, मी श्रद्धेने केलं. बापूराव म्हणाले, आम्हीबी श्रद्धेनंच विचारतोय, भाजीची पिशवी खाली ठेव. तो गेला तेव्हा जिन्याखालच्या चपलांत स्वतःच्या शोधायलाही थांबला नाही.

गर्दी पांगायला लागली. साईनाथ हसत होता. म्हणाला, आई, चांगलाच पकडलास त्याला. जणू फसवणूक शेजारच्या गाळ्यात झाली होती. रंगराव पेटी धरून जिन्याच्या तोंडाशी उभे होते, पोरीला घरी न्यायचं की नाही ते त्यांना अजून कोणी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, थांबा सगळे. आणि साईनाथाला समोर उभा केला.

"मच्छिंद्र लबाड हाय. त्याचं पोट त्यावर चालतं. तू लबाड नाहीस, तू आळशी हायेस, आणि आळशी माणूस दिसला की लबाडाला वास येतो. दोन ओळी वाचायचे कष्ट नकोत म्हणून बायको घालवायला निघालास. उद्या पोरगं तापलं तर डॉक्टरकडं जाशील का परत कुणाची घंटा शोधशील? ज्याचं कारण कळत नाही ते विचारावं, करून बघावं, तरी नाही कळलं तर 'मला माहीत नाही' म्हणावं. त्यात कमीपणा नाही. दोष बाईच्या पावलावर ढकलण्यात हाय. आता तिच्या बापासमोर तिची माफी माग. आणि मोठ्यानं माग, यार्डभर ऐकू जाईल असं. नावं ठेवताना आवाज बारीक नव्हता तुझा."