चाळीसपैकी सदतीस

"आज तरी बरा शर्ट घालून यायचं होतंस, शास्त्री," मुकादम म्हणाला. कोयत्याने केळीची वाळकी पानं काढत तो ओळीतून पुढे सरकत होता आणि प्रत्येक झाडाकडे दोन पावलं मागे होऊन बघत होता, फोटो काढण्याआधी पोरांचे केस बघतात तसं.

"समिती झाडं बघायला येतेय, मला नाही."

"झाडांचं झालंय. तुझंच राहिलंय."

शास्त्री हा खरं तर प्रयोगशाळेतला सहायक. शास्त्रज्ञाचं पद बागेच्या संशोधन केंद्रात तेरा वर्षं रिकामं होतं आणि रिकाम्या पदाचं काम भरलेल्या माणसाने करायचं, अशी तिथली पद्धत होती. काम म्हणजे उकडलेल्या धान्यावर एक हिरवी बुरशी वाढवायची. ती शेणखतात कालवून केळीच्या मुळाशी दिली, की मर रोगाच्या बुरशीला तिथे पाय ठेवायला जागा राहत नाही. मर रोग लागला की पानं पिवळी पडून बुंध्याशी मोडतात, खोड आतून तपकिरी होतं आणि झाड उभ्या उभ्या जातं. त्यावर खात्रीचं औषध नाही. हे सगळं शास्त्री कोणालाही तीन मिनिटांत सांगू शकत असे, पण ऐकणारा दुसऱ्याच मिनिटाला "बुरशीवर बुरशी?" म्हणून हसत असे. त्याच्या बायकोचं मत आणखी थोडक्यात होतं. "डब्यात बुरशी आली की मी फेकते. तुम्ही पगार घेऊन तिला जेवायला घालता."

हा त्याचा चौथा प्रयोग होता. पहिल्यात पाइप फुटून वाफे आठवडाभर पाण्याखाली राहिले. दुसऱ्यासाठी खरेदी विभागाने मर रोग मुळी लागतच नाही अशा जातीची रोपं आणली, कारण ती 'जास्त चांगली' होती. तिसऱ्यात भांडारपालाने बुरशीच्या पिशव्या सुरक्षित राहाव्यात म्हणून पत्र्याखालच्या माळ्यावर कुलपात ठेवल्या. तीन आठवड्यांनी उघडलं तेव्हा कुलूप उत्तम स्थितीत होतं. बुरशी शिजली होती.

चौथा मात्र चौदा महिने तगला होता. रोगट जमिनीत ऐंशी झाडं. चाळिसांना बुरशी, चाळिसांना काहीच नाही. काहीच न दिलेल्यांपैकी बावीस मेली होती. बुरशीवाल्यांपैकी तीन. आज समितीने हे मान्य केलं तर पुढची सगळी लागवड बुरशी देऊन होणार होती आणि प्रयोगशाळा चालू राहणार होती. नाही केलं, तर ती खोली भांडाराला जाणार होती. शास्त्रीच्या निवृत्तीला दहा महिने उरले होते, आणि दहा महिन्यांत पाचवा प्रयोग बसत नव्हता.

"एक मात्र सांगतो," मुकादम शेवटच्या झाडाशी थांबून म्हणाला, "तुझ्या झाडांच्या बुडाशी सारखी हिरवी बुरशी यायची. मलाच कसंतरी व्हायचं. साहेबाने बघितलं तर काय म्हणेल, प्रयोग करतो आणि साधी साफसफाई नाही. मग मीच आवरत गेलो."

"आवरत गेलास म्हणजे?"

"आळवणी केली. बुरशीनाशकाची. दर महिन्याला, एका झाडाला एक तांब्या."

शास्त्रीच्या हातातली वही तशीच राहिली. "कधीपासून?"

"दुसऱ्या महिन्यापासून असेल."

"मी पाटी लावली होती."

"'फवारणी करू नये' अशी. मी थेंबभर फवारलं नाही. मुळाशी ओतलं."

"आणि त्या दुसऱ्या चाळिसांना?"

"त्यांना कशाला?" मुकादमाला प्रश्नच कळेना. "ती कुठे तुझी होती?"

शास्त्री बांधावर बसला. मातीत आपली बुरशी जिवंत आहे का, हे त्याला दर महिन्याला तपासायचं होतं. पण त्यासाठी लागणारं रसायन चौदा महिने 'मागवले आहे' या अवस्थेत होतं. बावीस वर्षं दोघं एकाच बाकावर डबा खात होते. या माणसावर ओरडायचं तर कुठल्या शब्दापासून सुरुवात करायची, हे त्याला सुचेना.

"बाबा रे, ती हिरवी बुरशी म्हणजेच माझं औषध होतं. ते तू मारत होतास."

मुकादमाने झाडांकडे बघितलं, मग शास्त्रीकडे. "पण जगली ना?"

"कशाने जगली?"

"कशाने का जगेनात. मी कुठे बोलणार नाही. तूही बोलू नकोस. मिटलं."

समिती अकराला आली. तिघं जण आणि सोबत मोठे साहेब. साहेबांनी स्वतः झाडं मोजली, सदतीस भरली, पुन्हा मोजली. एका सभासदाने घडाला हात लावून फोटो काढून घेतला. बावीस मेलेल्या झाडांच्या ओळीसमोर सगळे जरा गंभीर झाले आणि परत हिरव्या ओळीकडे वळून खूश झाले.

"कमाल आहे," साहेब म्हणाले. "कागद आणा, इथेच सही करतो."

कागद शास्त्रीच्या वहीतच होता. मुकादम मागे उभा राहून जमिनीकडे बघत होता.

"साहेब, या चाळीस झाडांना बुरशीनाशकही गेलंय. दर महिन्याला."

"कोणी दिलं?"

मुकादम पुढे सरकला.

"माझ्या देखरेखीखाली गेलं," शास्त्री म्हणाला.

"मग हे यश कशाचं?"

"सांगता येत नाही."

"अंदाजे?"

"अंदाजाला चौदा महिने लागत नाहीत, साहेब."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि आवाज खाली आणला. "हे आज, सगळ्यांसमोर सांगायलाच हवं होतं का?"

"मलाही आजच कळलं."

समितीला रिकाम्या हाताने जाणं बरं दिसेना. तिने अहवालात 'बुरशीनाशकाचा परिणाम उल्लेखनीय' असं लिहिलं. तेही सिद्ध होत नाही, असं शास्त्रीने सांगून पाहिलं. "ते तुम्ही वेगळं लिहून द्या," असं उत्तर मिळालं. फोटोवाल्या सभासदाने औषधाचा ब्रँड विचारून घेतला. जेवणाच्या सुट्टीत भांडारपाल टेप घेऊन प्रयोगशाळा मोजून गेला. दोनदा मोजली, कारण पहिल्या वेळी मध्ये शास्त्री उभा होता.

दुपारी झाडं तोडायची होती. रोगट जमिनीतलं काही बाहेर जाऊ द्यायचं नाही, प्रयोग संपला की सगळं कापून जाळायचं, हा केंद्राचा जुना नियम होता, आणि तो पाळण्यात कधी अडचण आली नव्हती.

मुकादमाने पहिलं झाड बुंध्याशी आडवं कापलं. रस गळाला, घड दाणकन खाली आला. शास्त्रीने वाकून काप बघितला. पांढरा, ओला, कुठे तपकिरी ठिपका नाही.

"स्वच्छ," तो म्हणाला आणि वहीत लिहिलं.

दुसरं कापलं. "स्वच्छ." तिसरं. चौथं.

"शिव्या तरी दे," मुकादम म्हणाला.

"वेळ नाही. पाचवं घे."

पाचवं पडलं. शास्त्रीने लिहिलं.

"आता कशाला लिहितोस? प्रयोग बाद झाला ना?"

"झाला."

"मग?"

"आतून कसं आहे ते दिसतंय ना. दिसतंय तर लिहायचं."

एका झाडाचा रोग पात्याबरोबर दुसऱ्यात जाऊ नये म्हणून दर घावानंतर कोयता औषधाच्या फडक्याने पुसायचा असतो. आता सगळंच जळायचं होतं, तरी मुकादमाने तो पुसला. मग सहावं कापलं, आणि शास्त्रीच्या आधी स्वतः उकिडवा बसून, डोळे बारीक करून, कापाभोवती सगळीकडून बघितलं.

"स्वच्छ," त्याने सांगितलं.

शास्त्रीने वाकून एकदा बघून घेतलं आणि सहाव्यासमोर लिहिलं.