पिवळ्या खोलीचा मुहूर्त

ऑनर आत्यांना हॅलबी कोर्टच्या थोरल्या घरातून फाटकाजवळच्या बंगलीत हलवलं, तेव्हा फिलिपाने, म्हणजे त्यांच्या भाच्याच्या बायकोने, गावाला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, "छत दुरुस्त होईपर्यंतच हं. त्यांची खोली सगळ्यात आधी करणार."

गाव हसलं. बिनलग्नाची आत्या एकदा फाटकापाशी गेली की परत येत नाही, हा आमचा अनुभव. पण मी थोरल्या घरी स्वयंपाकाला असते, म्हणून सांगते, फिलिपाला आत्या खरोखरच परत हव्या होत्या. तिच्या नवऱ्याला, जाइल्सला, आत्यांनीच वाढवलेलं. शिवाय 'म्हातारीला बाहेर काढलं' हा शिक्का तिला नको होता. दोन्ही कारणं खरी. कुठलं जड, ते मी सांगणार नाही.

जुन्या घरांचे रंग शोधणारा डेस्मंड आला. आत्यांच्या खोलीत त्याने भिंतीचा तळहाताएवढा भाग पातळ सुरीने थराथराने खरवडला. वर मळकट हिरवा, खाली तपकिरी, मग पांढरा, आणि तळाशी लख्ख पिवळा.

"हा मूळ रंग, मॅडम. घर बांधलं तेव्हाचा."

"आणि हा वरचा?"

"डबक्याचा रंग. युद्धानंतर मिळेल ते फासलंय कुणीतरी."

फिलिपा पिवळा नमुना पर्समध्ये घालून बंगलीत गेली. मी अंडी पोचवायला तिथेच होते.

"आत्या, तुम्हीच सांगा. भिंती आहेत तशा ठेवू, की जुना पिवळा आणू?"

"अगं, घर तुझं. मी कशाला मध्ये बोलू?"

"नाही, मनापासून विचारतेय."

"तुला योग्य वाटेल ते कर. तुझ्या त्या डेस्मंडला कळतं म्हणतात."

आमच्याकडे एवढं ऐकलं की रंगारी शिडी घडी करतो. 'खबरदार हात लावलास तर' हे याहून स्पष्ट आमच्यात कुणी बोलत नाही. फिलिपाही अशाच घरात वाढलेली. तिच्या आईने पडदे बदलायचे काढले, तेव्हा फिलिपाने अगदी याच शब्दांत आईला थांबवलं होतं. पण आज तिला होकार हवा होता, तो तिने ऐकला.

भिंती पार गिलाव्यापर्यंत खरवडल्या आणि त्यांवर जुना पिवळा दिला. खोली उन्हासारखी झाली. ऑक्टोबरात जाइल्स आत्यांना गाडीतून घेऊन आला; सोबत त्यांची बॅगही होती.

आत्या दारातच थांबल्या.

"आत्या, आता तुला चष्मा नको, गॉगल लागणार," जाइल्स म्हणाला.

"फार सुंदर," आत्या म्हणाल्या. "ज्यांनी हे घर बांधलं, त्यांना किती आवडलं असतं."

फिलिपाचा चेहरा उतरला. हे मात्र तिला बरोबर ऐकू आलं.

आत्यांनी खिडकीजवळच्या भिंतीवर हात ठेवला. "इथे रंग कमी पडला, तेव्हा तुझ्या बाबाने, ह्यूजने, त्यात चुलीतली राख कालवली होती, जाइल्स. बागेतली छावणी उठली, तेव्हा सैनिकांनी टाकलेले हिरव्या रंगाचे डबे आम्ही दोघा भावंडांनी उचलून आणले. मी चौदाची. ह्यूज नुकताच लढाईवरून आला होता, कुणाशी बोलायचा नाही. ही भिंत रंगवता रंगवता बोलायला लागला."

मी किटली घेऊन उभी होते, ती तशीच धरून राहिले.

"आत्या, मला सांगितलं का नाहीत?" फिलिपाने विचारलं.

आत्यांना खरंच नवल वाटलं. "सांगितलं की. दोनदा."

"डेस्मंड तो रंग हुबेहूब बनवून देईल. मी आजच बोलते त्याच्याशी."

"नको गं. मग तो डेस्मंडचा होईल. बस, चहा निवतोय."

चहा झाला. केक छान झालाय, असं मला तीन वेळा ऐकवण्यात आलं. मग आत्या म्हणाल्या की बंगलीमागे त्यांनी घेवडा पेरलाय, त्याच्याकडे कुणीतरी बघायला हवं. नुकत्याच पेरलेल्या घेवड्याकडे काय बघायचं असतं, हे कुणी विचारलं नाही. जाइल्सने बॅग पुन्हा गाडीत ठेवली.

पिवळी खोली आता लोक बघायला येतात, फोटो काढतात. फिलिपा तिथे बसत नाही. रविवारी मी मटण भाजते, ती ते झाकणाच्या भांड्यात घालून, कुणाच्या हाती न देता, स्वतः चालत फाटकापर्यंत नेते. वाट लांब आहे, वाराही असतो. पोचेपर्यंत रस्सा गोठतो. आत्या पहिला घास घेतात आणि म्हणतात, "अगदी गरमागरम आहे हो." फिलिपा त्यांच्यासमोर बसते आणि तसंच खाते.