शिसवाची शेपटी

मी विमान बोलतोय. लाकडाचं, दोन हात रुंद, साक्रीतल्या एका घरात फळीवर ठेवलेलं. पाहुणे येतात, चहा पितात आणि माझ्याकडे बघून म्हणतात, वा, शेपटी काय झकास आहे! ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. एवढ्या अंगात यांना दिसते ती शेपटीच. आणि माझ्या जन्माचं वाटोळं केलं तेही तिनंच.

अभिमन मास्तरांनी मला घडवलं, एकोणीसशे नव्वद साली. मास्तर साक्रीच्या एका हायस्कुलात सुतारकाम शिकवायचे. चौरंग, पाट, खडूची पेटी, असली कामं. घराणंच सुताराचं. त्यांचे वडील तोताराम आबा बैलगाड्या करायचे आणि त्यांच्या गाडीचं चाक कधी कुरकुरलं नाही म्हणून पंचक्रोशीत नाव होतं. मास्तरांच्या डोक्यात मात्र विमान शिरलं होतं. धुळ्याला जाऊन वाचनालयातनं मासिकं आणायची, गणितं मांडायची, आणि बायकोनं, लिलाबाईंनी, जेवायला हाक मारली की "हो हो" म्हणत तासभर उठायचं नाही.

विमान म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे एक लांब नळकांडं येतं, दोन बाजूंना पंख आणि मागे शेपूट. मास्तर म्हणायचे, उचलायचं सगळं काम पंख करतात आणि हे नळकांडं आयतं बसून जातं. मग पोट आणि पंख वेगळे ठेवायचेच कशाला? पोटच पंखात मिसळून टाका. माणसं पंखातच बसवा. सगळं अंगच उचलायला लागलं की इंधन कमी, माणसं जास्त, आणि मागचं शेपूटही नको. उद्याचं विमान असंच असणार, असं ते शाळेच्या शिपायाला, झुलालला, सांगायचे. झुलाल मान हलवायचा. परदेशातही काही लोक असल्या विमानाचा विचार करतात, एवढं त्यांनी कुठंतरी चार ओळींत वाचलं होतं. तिथं चित्र नव्हतं. चित्र त्यांनी वावळाच्या झाडाच्या पापडीवरून काढलं. वावळाचं बी असतं मधोमध आणि भोवती सगळा पंख. वाऱ्यावर कुठल्या कुठं जातं, आणि त्याला शेपूट नसतं.

लिलाबाईंनी फक्त एकच विचारलं होतं. "अहो, मधे बसलेल्यांनी खिडकीतनं बघायचं काय?" मास्तर दोन दिवस कागदावर खिडक्या काढत बसले. मग वहीत लिहिलं, अडचण पहिली, लिलाबाईंची. अडचण दुसरी त्यांची स्वतःची होती: उंचावर उडताना आत हवा दाबून भरली की गोल भांडं टिकतं, चपटं फुगतं. खोटं काही लिहायचं नाही, असा माणूस.

मला त्यांनी पांगाऱ्याच्या लाकडातून कोरलं. पांगारा हलका, हातात घेतला तर घेतल्यासारखा वाटत नाही. आतून पोखरलं, वरून घासलं, पुन्हा घासलं. नाकात शिशाचा एवढासा तुकडा बसवला, तोल पुढं राहावा म्हणून. दोन बोटांवर मला तोलत तीन महिने गेले. शेवटी तोल सापडला तिथं पोटाखाली पेन्सिलीनं एक ठिपका दिला. त्या दिवशी त्यांनी मला शाळेच्या गच्चीवरून सोडलं.

काय सांगू तुम्हाला! मी उडालो. कबड्डीचं मैदान ओलांडलं, कुंपण ओलांडलं आणि भुईमुगाच्या वावरात अलगद टेकलो. झुलालनं टेप धरून मोजलं, चव्वेचाळीस मीटर. मास्तर धावत आले आणि मला उचलून तिथंच ढेकळांत बसले. त्यानंतर सोळा वेळा उडालो, पण पहिल्या वेळचं सुख वेगळंच होतं.

पुढच्या वर्षी जळगावला मोठं विज्ञान प्रदर्शन भरणार होतं. त्यात शिक्षकांचाही विभाग होता आणि परीक्षक होते चौधरीसाहेब. असोद्याचे. सारी नोकरी दक्षिणेत, विमानाच्या कारखान्यात गेलेली, आता निवृत्त होऊन जळगावला राहत. मास्तरांनी त्यांना पत्र लिहिलं होतं आणि उत्तर आलं होतं: मॉडेल माझ्यासमोर नीट तरंगलं, तर तुमची वही मी स्वतः माझ्या जुन्या लोकांकडे घेऊन जाईन. ते आंतर्देशीय पत्र मास्तर खिशात घेऊन हिंडायचे. त्यांना बक्षीस नको होतं, बढती नको होती. जाणत्या माणसानं एकदा बघावं आणि बरोबर की चूक ते सांगावं, एवढ्यासाठी सगळा जीव टांगणीला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तक्ते, टेबलं घेऊन मास्तरांना हेडमास्तरांबरोबर जीपनं पुढं जावं लागलं. जीपच्या धक्क्यांत मी नको, म्हणून दुसऱ्या दिवशी आबांनी मला एसटीनं, मांडीवर घेऊन आणायचं ठरलं. चहाच्या पेटीच्या पातळ फळ्यांचा माझा खोका तयार होता. आणि त्या घरात एक रीत होती. वस्तू दाराबाहेर पडण्याआधी घरातल्या म्हाताऱ्यानं ती तपासायची, काही उणं असेल तर भरून काढायचं आणि मग कुंकू लावायचं. आबांच्या आज्यापासून एकही गाडी या हाताशिवाय बाहेर पडली नव्हती. मास्तर वाकून पाया पडले आणि म्हणाले, आबा, रीत तेवढी करा. त्यांच्या मनात होतं कुंकवाचं बोट. म्हाताऱ्याच्या डोळ्याला उणं काय दिसेल, याचा विचार त्या हुशार माणसाला शिवलासुद्धा नाही.

आबांनी मला समोर ठेवलं. चष्मा पुसला. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. सारा जन्म बैलांत गेलेला माणूस. बांडा बैल, म्हणजे शेपूट तुटलेला, कुणी दारात बांधत नाही. शकुनाला वाईट. आणि इथं तर पोरगा बिनशेपटीचं जनावर साहेबापुढं घेऊन निघालेला.

"अरे देवा," आबा म्हणाले, "घाईघाईमा शेपटी ऱ्हाई गयी."

घरात देव्हारा केला तेव्हा उरलेला शिसवाचा एक तुकडा आबांनी वीस वर्षं जपला होता. तो काढला. शिसव म्हणजे वजनाला दगडाचा भाऊ. लिलाबाई म्हणाल्या, राहू द्या, तिथं गेल्यावर ते बघतील. आबा म्हणाले, त्याला वेळ कुठं शे बिचाऱ्याला. मग सकाळपासून दुपारपर्यंत हात थरथरत असताना ती शेपटी घडवली, माझ्या मागच्या अंगात खाच पाडली, सरस लावून ठोकून बसवली. अशी बसवली की सांध्यात केस जाणार नाही. मी ओरडत होतो. लाकडाचं ओरडणं कोण ऐकतो? वर कुंकू लावलं आणि खोक्यात घातलं.

दुसऱ्या दिवशी एसटी पारोळ्याच्या पुढं पंक्चर झाली. आम्ही पोचलो तेव्हा चौधरीसाहेब मास्तरांच्या टेबलापाशी उभे होते. उंच माणूस, पांढरी मिशी, हातात मास्तरांची वही. वही वाचून खूश दिसत होते. खिडकीच्या अडचणीखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती. या अडचणी लिहिणारा माणूस मला आवडला, असं ते म्हणाले. मास्तरांच्या चेहऱ्यावर मी तसा उजेड पुन्हा कधी पाहिला नाही.

मग मास्तरांनी खोका उघडला.

ते मला नुसते बघत राहिले. शेजारी आबा उभे. नवी टोपी, तोंडभर हसू. "भरी काढं," ते लेकाला म्हणाले. उणं भरून काढलं, असं त्यांना सांगायचं होतं. मास्तरांनी मला बोटांवर धरलं तर मी मागं झुकलो. ठिपका एकीकडे, तोल भलतीकडे. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, नाकाला लावायला मेण, शिसं, माती काहीतरी. टेबलावर तक्ते आणि टाचण्या.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "मास्तर, वहीत तर शेपूट नाही. मग हे काय?"

एक वाक्य पुरलं असतं. हे माझ्या वडिलांनी लावलंय, साहेब, त्यांना ठाऊक नव्हतं. एवढंच! मी मनात म्हणत होतो, बोला, मास्तर, बोला, तुमच्या सगळ्या जागरणांची शपथ. मास्तरांनी आबांकडे बघितलं. आबांचं हसू तसंच होतं. मास्तर म्हणाले, "ऐन वेळी लावलं, साहेब."

"बरं. सोडा."

दालनाच्या पायऱ्यांवरून त्यांनी मला सोडलं. मी नाक वर करून उठलो, हवेत थांबलो आणि शेपटीवर मागं घसरत खाली आदळलो. कुणीतरी टाळी वाजवली. कुणीतरी हसलं.

साहेबांनी वही टेबलावर ठेवली. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "शेपूट लावलंत तेव्हाच तुम्ही तुमची कल्पना सोडलीत. तुमचाच तुमच्यावर भरवसा नाही, तर मी कुणाला काय सांगू?" आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. तिथं बटाट्यावर दिवा लावला होता.

परतीच्या एसटीत मी आबांच्या मांडीवर. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. बऱ्याच वेळानं आबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "वाईट नको वाटू दिऊ. शेपटी व्हती म्हनीसन इतलं तरी वर गयं." मास्तर हो म्हणाले. मला तर वाटलं, खिडकीतनं उडी टाकावी. तेवढंसुद्धा मला जमलं नसतं.

त्यानंतर मास्तरांनी वही उघडली नाही. चौरंग, पाट, खडूची पेटी. मला फळीवर ठेवलं, दसऱ्याला झेंडूची माळ मिळू लागली. मास्तर वाईट माणूस नव्हते, म्हणून मला त्यांचा राग जास्त येतो. वडिलांचं मन राखलं आणि माझं आकाश घालवलं. हे बरोबर की चूक, मला अजून कळत नाही. राग मात्र येतो, तो आहेच.

सत्त्याण्णव साल. आबा खाटेला खिळलेले. लिलाबाईंनी वर्तमानपत्र आणलं आणि काही न बोलता मास्तरांपुढं ठेवलं. अर्ध्या रकान्यात चित्र होतं, उद्याचं विमान, परदेशात. पोट पंखात मिसळलेलं. शेकडो माणसं पंखात बसणार. मास्तरांनी ते दोनदा वाचलं. आबांनी विचारलं काय ते, म्हणून त्यांच्या डोळ्यांपुढं धरलं.

आबांनी चित्र बघितलं. मग मला बघितलं. "हाई तं आपलंच इमान शे." मग चित्राच्या मागच्या कडेवर बोट ठेवलं. "पन याले शेपटी कोठे शे?"

त्यांनी मास्तरांकडे मान वळवली.

"अभिमन, म्हंजे मी चुकनू का रे?"

मी फळीवर श्वास रोखून होतो. सहा वर्षं ज्या एका वाक्याची वाट बघितली ते आता निघणार होतं. मास्तर खाटेवर टेकले आणि म्हणाले, "नही, आबा. त्या लोकच ईसरी गयात."

आबांना केवढं बरं वाटलं! "मंग त्यास्ले पत्र लिखी दे," ते म्हणाले. "लावा म्हना शेपटी. मानसं बसनार शेतस त्यामा." मास्तरांनी पोस्टकार्ड घेतलं आणि आबांच्या समोर बसून खरंच लिहिलं. ते कार्ड अजून माझ्याखाली आहे. पत्ता लिहिलेला नाही.

आबा गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि एका दुपारी मास्तरांनी मला खाली काढलं. पाठीवर उलटं केलं. पोटाखालच्या ठिपक्यावर अंगठा फिरवला. मग पटाशी घेतली आणि तिचं टोक सांध्यावर टेकवलं. मी म्हटलं, मारा! मेलो तरी चालेल, पण मारा. ते सांधा बघत राहिले. तीस वर्षं पोरांना तोच सांधा शिकवला होता, पण असा त्यांना स्वतःला एकदाही जमला नव्हता. थरथरत्या हातांनी केलेला. त्यांनी पटाशी पुसून पेटीत ठेवली, मला फळीवर ठेवलं आणि लिलाबाईंना म्हणाले, चहा टाक.

तेव्हापासून मी इथंच आहे. कधी साक्रीला आलात, या घरी चहाला बसलात, तर माझ्यावर एक मेहरबानी करा. शेपटीची तारीफ करू नका, मास्तर बसलेले असतात. मला उचला, उलटं करा आणि पोटाखालचा तो पेन्सिलीचा ठिपका बघा. पुसट झालाय. माझा तोल तिथं होता.