मुंजाजीच्या वहाणा

अपमान झालेला मर्द एक तर राज्य उलथवतो, नाही तर नवं उभारतो. तिसरा मार्ग इतिहासाला ठाऊक नाही. झरीच्या मुंजाजीनं खळं सारवायला घेतलं.

त्याचं झालं असं. सरकार लेव्ही म्हणून सक्तीनं उचलायचं त्या ज्वारीत सूट मागायचा अर्ज घेऊन मुंजाजी परभणीला अफसरांच्या क्लबात गेला होता. तहसिलीचे पेशकार व्यंकटराव पांढऱ्या पाटलोणीत टेनिस खेळत होते. मुंजाजी अर्ज पुढं करत, पायातल्या वहाणांसकट, चुन्याच्या रेघेच्या आत शिरला.

"बेअदब!" पेशकार कडाडले. "काढ त्या वहाणा. डोक्यावर घे आणि चालता हो!"

सगळ्या क्लबासमोर मुंजाजी डोक्यावर वहाणा घेऊन फाटकाबाहेर गेला. घरी येऊन त्यानं त्या आढ्याला टांगल्या.

"त्या पेशकाराला ह्याच खेळात अनवाणी नाचवीन, तवाच ह्या पायात घालीन."

"आन् तवर काटे?" बायको चतुराबाईनं विचारलं.

"सोसीन."

दोन वर्षं सोसले. पायाचे तळवे म्हशीच्या कातड्यागत झाले. मळणी उरकली की खळ्यावर चुन्याच्या रेघा पडत. भूस वाहायचं जाळं दोन मेढींना ताणून बांधलं. क्लबाच्या पहारेकऱ्याकडून मोडक्या रॅकेटी आणि टक्कल पडलेले चेंडू आणले. रॅकेटींना अंबाडीची सुतळी विणली. गावानं आधी पोटभर हसून घेतलं, मग खेळायला रांग लावली.

मेव्हणा आश्रुबा गुण मोजताना अडला. "पंधरा, तीस, आन् मंग चाळीस? वरचे पाच कुठं गेले, दाजी?"

"लेव्हीत."

तेवढ्यावर अख्ख्या गावाला टेनिस समजलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात पेशकार लेव्हीच्या दौऱ्यावर झरीला आले. कुणबी टेनिस खेळतात हे ऐकून त्यांना इतकं हसू आलं, की ओढ्यापलीकडं उभ्या केलेल्या बैलांच्या दमणीतून त्यांनी स्वतःची रॅकेट मागवली. नाव सांगूनही मुंजाजीला त्यांनी ओळखलंसुद्धा नाही. हे मुंजाजीला वहाणांपेक्षा जास्त लागलं.

पेशकार रेघेशी येताच तो हात जोडून म्हणाला, "सायेब, बूट तेवढे भाईर. खळं हाय. लक्षुमीची जागा."

पेशकारांनी भोवती पाहिलं. सगळं गाव अनवाणी उभं होतं. पेशकारांच्या घरीही खळं होतं. त्यांनी बूट काढले.

दुपारचं बाराचं ऊन. खळं तव्यासारखं तापलेलं. पेशकारांच्या मागं काटेरी सराट्यांचं रान. चतुराबाईनं दोन वर्षं तिथं खुरपं लागू दिलं नव्हतं. ज्याच्या बाजूला चेंडू जाईल त्यानं तो आणायचा, हा झरीचा कायदा. मुंजाजीनं पहिलाच चेंडू थेट सराट्यांत घातला.

"भाईर! पंधरा सायबाला!" आश्रुबा ओरडला.

दुसरा चेंडू तिथंच. "तीस सायबाला! लय भारी खेळायलेत सायेब!"

पेशकार एकेका पायावर उड्या मारत चेंडू आणत होते आणि जिंकत होते. मुंजाजीनं एकही गुण घेतला नाही. त्याला नकोच होता. सहाच्या सहा डाव जिंकून पेशकार खळ्याच्या कडेला मटकन बसले. दोन्ही तळपायांत सराटे, टाचांना फोड.

"सायबाचा इजय असो!" आश्रुबानं आरोळी ठोकली. गाव टाळ्या पिटू लागलं.

चतुराबाईनं आढ्यावरच्या वहाणा काढून, तेल चोळून, सुपात घालून आणल्या. मुंजाजीनं त्या घेतल्या. आता फक्त पाय पुढं करायचा होता.

पेशकार सुजलेला पाय बुटात कोंबत होते. पाय जाईना. त्यांनी ओढ्याकडं पाहिलं, मग मुंजाजीच्या हाताकडं.

"मुंजाजीराव," ते कण्हत म्हणाले, "दमणीपर्यंत जरा त्या वहाणा देता का?"