कर्फ्यूत रिकामी झालेली बाटली

मी दुखण्यावरच्या गोळ्यांची बाटली बोलतेय. चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका छोट्या कारखान्यात माझ्यात शंभर पांढऱ्या गोळ्या भरल्या. तिथून मी श्यामसुंदरजींच्या औषधाच्या दुकानात आले.

मला मेजर गुरुनाथ यांच्या हाती देताना श्यामसुंदरजी म्हणाले, "मेजरसाब, दिन में आठ से ज्यादा नहीं. और सर्दी की गोली साथ में मत देना, उसमें भी यही दवा है. जिगर, यानी लिवर, खराब हो जाता है."

मेजरांनी मान डोलावली, मला फडताळात ठेवलं आणि दुसऱ्याच दिवशी ते अमृतसरला ड्युटीवर गेले. बायकोला, वसुधाताईंना, हे सांगायचं राहून गेलं.

त्याच आठवड्यात इकडे चंदीगडात गोळीबार झाला, कर्फ्यू लागला. वसुधाताईंची दाढ नेमकी तेव्हाच ठणकू लागली. दातांचा दवाखाना बंद. दोन गोळ्या, तासा-दोन तासांनी आणखी दोन. मग सर्दी झाली, तिच्याही गोळ्या सुरू. चावता येईना, म्हणून जेवणही सुटलं.

चौदा वर्षांची लीना म्हणाली, "आई, इतनी गोलियाँ?"

"अगं, साधी गोळी आहे. तिने काय होतंय?"

मला ठाऊक होतं काय होतंय. पण त्यांनी हात लावला, की माझं झाकण गुमान उघडायचं.

पाचव्या दिवशी उलट्या थांबेनात. कर्फ्यू दोन तास उठला, तशी लीना मला घेऊन दुकानात धावली. "अंकल, ऐसी ही एक और."

श्यामसुंदरजींनी मला उपडी करून पाहिलं. "सारी खत्म? किसने खाई, बेटा? मम्मी की आँखें पीली हैं?"

लीनाने होकारार्थी मान हलवली. त्यांनी गोळ्या दिल्या नाहीत. शटर ओढलं, रिक्षा थांबवली, वसुधाताईंना इस्पितळात नेलं आणि मला डॉक्टरांपुढे ठेवलं.

"यकृत गेलंय," डॉक्टर म्हणाले. "दोन दिवस आधी आणायला हवं होतं."

मेजर पोचले तेव्हा त्या कुणालाच ओळखत नव्हत्या. आठव्या दिवशी त्या गेल्या. मेजर भिंतीला टेकून एकच वाक्य म्हणत राहिले, "मी तिला सांगितलंच नाही."

पुढे लीनाला घेऊन ते साताऱ्याला गेले. मला श्यामसुंदरजींनी परत आणलं; मी त्यांच्या काउंटरवर आहे. आता ते विचारल्याशिवाय गोळी देत नाहीत. आणखी कोणतं औषध चालू आहे? दिवसाला किती घेता? दारू पिता? घाईतली माणसं वैतागून दुसऱ्या दुकानात जातात. मी त्यांच्या पाठी बघत राहते.

तुम्ही तरी थांबा. विचारतील त्याचं खरं उत्तर द्या. आणि घरी पोचलात, की चपला काढायच्या आधी ते काय म्हणाले ते सगळ्यांना सांगा.