खालचं भिंग

मला स्वस्थ बसता येत नाही. माझे वडील, अप्पा, मला भिंगरी म्हणतात ते काय उगीच? जेवताना माझा एक पाय हलत असतो, बोलताना दोन्ही हात, आणि जीभ तर झोपेतही चालते असं दादाचं म्हणणं. अशा बाईला त्या रविवारी सकाळी स्टुडिओतल्या स्टुलावर बसवलं आणि बजावलं, बारा फोटो होईपर्यंत हलायचं नाही.

आधी भांडण काय होतं ते सांगते. अप्पांचा स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत अप्पा फोटो काढतात, मागच्या डार्करूममध्ये मी ते धुते. एकोणीस वर्षं धुतेय. रसायनांचा वास माझ्या बोटांतून साबणानेही जात नाही. आणि अप्पांचा तो कॅमेरा, एकावर एक दोन भिंगांचा. गळ्यात अडकवायचा, वरची झडप उघडायची, मान खाली घालून काचेत बघायचं. बघायला वरचं भिंग, फोटो काढायला खालचं. तसले कॅमेरे जगात पुष्कळ असतील, पण हा प्रकार कारखान्याने थोडेच दिवस काढला म्हणे. त्यामुळे तो विकत घ्यायला एक शौकीन गृहस्थ वर्षभर हात धुऊन आमच्या मागे लागले होते.

अप्पा ब्याऐंशीचे. सहा महिन्यांत त्यांच्या हातून काय काय झालं! फिल्म गुंडाळायच्या आधीच कॅमेऱ्याचं मागचं दार उघडलं, एका जोडप्याचा अख्खा रोल गेला. नोकरीचा अर्ज भरणाऱ्या मुलीच्या पाकिटात टकल्या हेडमास्तरांचे फोटो गेले, आणि त्या शहाणीने ते न बघता अर्जाला चिकटवले! मी हसून हसून लोळले, अप्पा मात्र दोन दिवस बोलले नाहीत.

मग दादा आला. माझा थोरला भाऊ, शांत माणूस, आणि शांत माणसांचा मला फार राग येतो. म्हणाला, "अप्पा, बस झालं आता. दुकान बंद करा, कॅमेरा त्या गृहस्थांना देऊन टाका आणि माझ्याकडे राहायला या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तुला काय कळतं दुकानातलं? वर्षातून दोनदा तोंड दाखवायचं आणि वर शहाणपण शिकवायचं! हे बंद केलंस तर अप्पा महिनाभर तरी जगतील का?"

"तू थांब, भिंगरी," अप्पा म्हणाले. मग दादाकडे वळून म्हणाले, "एक रोल. बारा फोटो. धुऊन बघा. चांगले आले नाहीत तर मी स्वतः कुलूप लावून किल्ली तुझ्या हातात देतो. आले तर मी मरेपर्यंत हा विषय काढायचा नाही."

"कबूल," दादा म्हणाला. "घोडामैदान जवळच आहे."

आता एक गोष्ट, जी तोवर मी कोणालाच सांगितली नव्हती. दुसऱ्या शहरातल्या एका संग्रहालयात जुने फोटो सांभाळायचं काम मला मिळत होतं. एक तारखेला हजर व्हायचं होतं. नेमणुकीचं पत्र मी इतक्या वेळा वाचलं होतं की घडीवर फाटलं. पण जाणार कशी? डार्करूमचं काम अप्पांना एकट्याने होत नाही. दुकान चालू आहे तोवर मी त्यांना टाकून जाऊ शकत नव्हते. म्हणजे मी दुकानासाठी भांडत होते तेव्हा माझ्याच पायातल्या बेडीसाठी भांडत होते. अजब डोकं आहे माझं!

तर रविवारी मी स्टुलावर बसले. अप्पांनी कॅमेरा तिपाईवर चढवला, झडप उघडली, मान खाली घातली. दादा त्यांच्या मागे उभा राहून खांद्यावरून काचेत बघत होता.

"हनुवटी खाली. डावीकडे वळ. माझ्या नाही, तुझ्या डावीकडे."

"वा!" दादा म्हणाला. "काय सुरेख दिसतेय ही यात! एरवी कुठे जातं हे रूप?"

"गप रे."

"हलू नकोस." खट्. अप्पांनी दांडी फिरवून फिल्म पुढे सरकवली. खट्. पुन्हा दांडी.

पाय हलवता येईना म्हणून मी डोळे फिरवायला लागले. खिडकी, पडदा, दादाचे बूट, कॅमेरा. वरच्या भिंगात खिडकी चमकत होती. खालचं काळंठिक्कर. तिसऱ्या खट्ला मला कळलं. खालच्या भिंगावर झाकण होतं.

त्या दोघांना ते दिसणारच नव्हतं. ते वरून बघत होते आणि वरच्या काचेत सगळं झकास होतं. झाकण दिसत होतं फक्त समोर बसणाऱ्याला, म्हणजे मला.

आता कोणीही म्हणेल, अगं मग बोल की! मीही तेच म्हणत होते. दादासमोर अप्पांची शोभा होईल म्हणून थांबले, असं मी स्वतःला सांगितलं. पुढच्या फोटोआधी काहीतरी निमित्त काढू. खोकू. पाणी मागू.

ढग आला असावा, खोलीतला उजेड उतरला. अप्पांनी न बघताच बोट पुढे नेलं आणि भिंगाजवळची, उजेड कमीजास्त करायची बारीक कळ सरकवली. आता लागणार बोट झाकणाला! पण बोट परत गेलं, काही झालं नाही. त्यांची बोटं हल्ली बधिर झालीत, हे मला माहीत होतं.

अप्पांनी मान वर केली. "काही म्हणतेस?"

"नाही."

खट्.

खोटं कशाला सांगू? त्या क्षणी माझ्या मनात काय आलं असेल? सुंठीवाचून खोकला गेला. हेच आलं. मला काही करायचं नव्हतं, कोणाला दुखवायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. आयुष्यात जे एकदाही जमलं नाही, ते त्या दिवशी मला जमलं.

सहाव्या फोटोला माझी मान आखडली. सातव्याला घाम फुटला. दर फोटोआधी अप्पा मान वर करून माझ्याकडे बघायचे, जरा जास्तच वेळ. "तोंड का असं केलंयस? बोलायचंय का काही?"

"तुम्ही काढा ना लवकर!" मी खेकसले.

खट्. खट्. बारावा झाला तेव्हा दादाने अप्पांच्या पाठीवर हात ठेवला. "हात अजून दगडासारखा स्थिर आहे हो तुमचा. हरलो मी." आणि तो खरंच खूश दिसत होता, मेला!

फिल्म मी धुतली. काळोखात ती चकरीवर चढवताना दोनदा निसटली. एकदा वाटलं, दार उघडून ओरडावं, दादा, झाकण होतं, पुन्हा काढू या. दाराच्या कडीवर हातही ठेवला. मग परत येऊन पुढचं रसायन ओतलं.

फिल्म बाहेर काढली तर काचेसारखी कोरी. कडेला कारखान्याचे आकडे तेवढे उमटले होते, एक ते बारा. आकड्यांच्या मध्ये काहीच नव्हतं.

ओली फिल्म दादाने उजेडात धरली. बराच वेळ धरली. "फिल्म जुनी असेल," तो हळूच म्हणाला. "असं होतं ना? चला, दुसरा रोल घालू."

माझ्याच भावाने दार उघडून दिलं होतं. आणि मी काय म्हणाले? "किती वेळा रे, दादा? एकदा ठरलं ते ठरलं. अप्पांना आणखी किती त्रास द्यायचा?"

अप्पा म्हणाले, "बरोबर बोलतेय ती. जा, त्या गृहस्थांना फोन कर." दादा फोन घेऊन बाहेर पायरीवर गेला.

अप्पा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. त्यांनी मांडीवर कॅमेरा घेतला, खालच्या भिंगावरचं झाकण काढलं आणि खिशात टाकलं.

"चौथ्याआधीच बोट लागलं होतं मला," ते म्हणाले.

मी कसंबसं म्हणाले, "मग काढलं का नाहीत?"

"वर तुझा चेहरा दिसत होता ना. तू खालच्या भिंगाकडे एकटक बघत होतीस. साठ वर्षं लोकांचे चेहरे बघतोय मी, भिंगरी. म्हटलं, आत्ता बोलेल. हिच्या पोटात काही राहत नाही, आत्ता बोलेल." त्यांनी झडप मिटली. "नऊ वेळा थांबलो."

मी रडायला लागले. मोठ्याने, लहान मुलीसारखी. अप्पा रागावले असते, एक थोबाडीत दिली असती, तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता माझा गुडघा थोपटला.

"कधी जायचंय तुला?" त्यांनी विचारलं.

"एक तारखेला," मी म्हणाले.