साळूबाईचा मालडबा

“हे नाव कुनी लिवलं?” साळूबाईने कार्डावर बोट ठेवलं, आणि मला वाटलं, आता काही खरं नाही.

नगरच्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये हाताने घडवलेल्या छोट्या रेल्वेगाड्यांचं प्रदर्शन आणि स्पर्धा भरली होती. टेबलावर वीतभर रूळ, रुळांवर तिने घडवलेला मालगाडीचा डबा आणि पुढे छापील कार्ड: ‘निर्मिती: कल्याण बन्सी शेळके’. कल्याण म्हणजे तिचा मुलगा. मोबाईलवर फॉर्म त्यानेच भरला होता.

मी गनीभाई, रेल्वेतला रिटायर फिटर. तिचा नवरा बन्सी गेल्यावर त्याच्या जागी साळूबाई खलाशी, म्हणजे यार्डातली मदतनीस, म्हणून लागली, तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. मीसुद्धा. पुढे बावीस वर्षं ती यार्डात मालडब्यांची दारं आणि कुठला डबा कुठे जायचा ती लेबलं तपासत राहिली. आणि हा डबा? गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून, सात महिने घरात बसून केलेला. जुन्या चपलेवर पत्रा पालथा टाकायचा, बोथट दाभणाने मागून दाबायचं, की पुढे रिव्हेटची गोल टिकली उठते. अशा साडेचारशे. एक चुकली की अख्खी बाजू फेकून द्यायची. बाई, तुला वेड लागलंय, असं मी तोंडावर म्हणालो होतो. मग दाराची कडी पाहिली आणि शब्द मागे घेतला. नखाने उघडत होती हो ती!

“आये, बाईमानसाचं नाव टाकलं असतं तर घेतलं असतं का त्यांनी?” कल्याण पुटपुटला. “आन् तुजं-माजं काय येगळं हाय?”

“येगळं न्हाई? मग सांग, रिव्हेटा कशा उठवल्या?”

तो संयोजकांना हाका मारू लागला. त्याच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटलं.

संयोजक धावत आले. “आजी, तुमच्या मुलाला पहिलं बक्षीस आहे. आता ऐनवेळी कार्ड कुठे बदलता? हवं तर पेनने लिहितो, ‘कल्याण व आई’.”

“आई हे माजं नाव न्हाई, सायेब.”

“अहो, पण बक्षीस घरातच येतंय ना!”

“यार्डात लेबल चुकलेला डबा घावला की आमी त्यो गाडीतून काढायचो. मंग कुनी कितीबी वरडू दे. ह्यो बी काढला.” तिने डबा उचलला, पदरात गुंडाळला आणि चालू लागली.

“आये, थांब की! लोकं बघत्यात!”

“बगू दे. लोकांनी बगावं म्हनूनच आनला हुता.”

मी तिच्यामागे निघालो. ऊर असा भरून आला होता की विचारू नका. गेटाशी पोचलो तोच पटांगणातल्या माईकवर कल्याणचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. साळूबाई थांबली, पण वळली नाही.

“गनीभाई, बघा बरं. गेला का त्यो स्टेजवर?”

मी पाहिलं. खोटं बोलायला जीभ वळेना. “गेला.”

तिचे डोळे भरले. पदर डब्याभोवती होता, म्हणून तिने ते मनगटाने पुसले.

“घेऊ द्या त्याला. डबा माज्यापाशी हाय,” ती म्हणाली आणि माझ्यापुढे एसटी स्टँडकडे चालू लागली.